जझीरा कुणाचा?

गाझाची बातमी आली की आमच्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘‘बाकी सब छोडो, अपना चॅनल देखो.’’ हे ‘अपना चॅनल’ म्हणजे अल जझीरा. सांगणाऱ्याला अरबी येत नसते. इंग्रजीही बेताचीच असते. मोबाइलवर आलेली मिनिटभराची चित्रफीत, तिच्याखाली कुणीतरी जोडलेल्या दोन उर्दू ओळी आणि कोपऱ्यातले ते सोनेरी बोधचिन्ह, एवढ्यावर ते चॅनेल आपले होऊन जाते. मोहल्ल्याबाहेर पडावे, तालुक्याच्या प्रशिक्षण वर्गात इतर शाळांच्या शिक्षकांबरोबर बसावे, तर तिथे दुसरे वाक्य तयार असते. ‘‘अल जझीरा म्हणजे लादेनच्या फिती दाखवणारे ना? अतिरेक्यांचे चॅनेल!’’ मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे दोन्हीकडची वाक्ये ऐकणे माझ्या नशिबी आहे. दोन्ही वाक्ये खोटी आहेत, असे माझे म्हणणे आहे. दुसऱ्या खोट्याला उत्तर देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पहिल्या खोट्याला कुणी हात लावत नाही, कारण ते आपल्या घरातले आहे. या लेखात मला मुख्यतः त्याच्याशी भांडायचे आहे.

‘जझीरा’ हा शब्द आपल्याला परका नाही. मुरूडचा जंजिरा हे त्याच अरबी शब्दाचे मराठी रूप. अर्थ बेट. अरबीत हाच शब्द द्वीपकल्पालाही वापरतात. समुद्रात उभा किल्ला, तटावर तोफा, आत गोड्या पाण्याची तळी. हा किल्ला कुणाचा, असे विचारले की आपण चटकन म्हणतो, सिद्दींचा. तट बांधणाऱ्याचे, तोफेला बत्ती देणाऱ्याचे, होडीतून धान्य आणणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही. कतारमधल्या या दुसऱ्या जझीऱ्याबद्दलही हाच प्रश्न विचारला पाहिजे. तो कुणाचा? पैसा देणाऱ्या अमीराचा, पाहणाऱ्या आपला, की कॅमेरा घेऊन गोळीसमोर उभ्या राहणाऱ्याचा? या प्रश्नाचे उत्तर एका पॅलेस्टिनी माणसाच्या आयुष्यात सापडते. त्याचे नाव वद्दाह खनफर. आठ वर्षे तो हा जझीरा चालवत होता.

खनफर यांचा जन्म पश्चिम किनाऱ्यावरच्या जेनिन परिसरातला, १९६० च्या दशकाच्या अखेरचा. म्हणजे १९६७ च्या युद्धात हा भूभाग इस्रायलने व्यापला, त्याच काळातला. लष्करी नाके, परवाने आणि संचारबंदी हे त्या पिढीच्या बालपणाचे वातावरण. तेथून ते जॉर्डन विद्यापीठात गेले आणि तिथे अभियांत्रिकी शिकले. आपल्या आईबापांना आवडावी अशीच ही गोष्ट आहे इथपर्यंत. मुलगा इंजिनिअर झाला! पण पुढे मुलगा बिघडला. तत्त्वज्ञान, आफ्रिकेचा अभ्यास, आंतरराष्ट्रीय राजकारण असल्या ‘बिनकामाच्या’ विषयांकडे वळला. दक्षिण आफ्रिकेत जाऊन राहिला. वर्णद्वेषी राजवट नुकतीच संपलेली, मंडेला राष्ट्राध्यक्ष असलेले, असा तो काळ. तिथूनच १९९७ च्या सुमारास त्यांनी अल जझीरासाठी बातम्या द्यायला सुरुवात केली. वाहिनी तेव्हा अवघी वर्षभराची होती.

नंतर अफगाणिस्तानचे युद्ध सुरू झाले तेव्हा ते नवी दिल्लीतून वार्तांकन करीत होते. आपल्या देशाशी त्यांचा आलेला हा थेट संबंध. मग उत्तर इराकचा कुर्दी प्रदेश आणि २००३ मध्ये बगदाद कार्यालयाचे प्रमुखपद. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते संपूर्ण वाहिनीचे व्यवस्थापकीय संचालक झाले. वय पस्तिशीच्या आसपास. म्हणजे आज माझे जे वय आहे तेवढेच. २००६ मध्ये वाहिनीचे जाळे झाले आणि ते त्याचे महासंचालक बनले.

ही चढती कमान मी कौतुकासाठी सांगत नाही. पॅलेस्टिनी माणसाच्या दोनच प्रतिमा आपल्याकडे चालतात. एक, दगड हातात घेतलेला मुलगा. दोन, कफनातले मूल छातीशी धरलेली आई. एकीसाठी आपण घोषणा देतो, दुसरीसाठी रडतो. कार्यालयात बसून शेकडो माणसांची बातमीपाळी लावणारा, अंदाजपत्रक मांडणारा, चूक झाली तर दुरुस्ती छापायला लावणारा पॅलेस्टिनी आपल्या कल्पनेत बसतच नाही. आपण त्या समाजावर दया करतो. दयेत आदर असतोच असे नाही.

आता वाहिनीविषयी. तिच्या जन्मातच एक धडा आहे. १९९४ मध्ये बीबीसीने एका सौदी कंपनीच्या पैशावर अरबी दूरचित्रवाणी सुरू केली होती. सौदी राजवटीला न आवडणारा मजकूर दाखवला म्हणून पैसा आटला आणि एप्रिल १९९६ मध्ये ती वाहिनी बंद पडली. बेकार झालेल्या त्यातल्या अनेक पत्रकारांना कतारने घेतले. अमीर हमद बिन खलिफा यांनी सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज दिले आणि १ नोव्हेंबर १९९६ रोजी अल जझीराचे प्रक्षेपण सुरू झाले. म्हणजे एका मुस्लिम मालकाने ज्यांचा आवाज बंद केला, त्यांना दुसऱ्या मुस्लिम मालकाने आवाज दिला. पत्रकार तेच, कसब तेच. मालकाची मर्जी तेवढी बदलली. हे सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेले बरे.

इजिप्तचे होस्नी मुबारक २००० मध्ये ही इमारत पाहायला गेले आणि एवढा सगळा गोंगाट या काडेपेटीतून येतो का, असे म्हणाले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वाहिनीचे बोधवाक्य होते ‘अर-राय वर-राय अल-आखर’. हे समजायला अरबी शिकावी लागत नाही. उर्दूतला ‘राय’ हाच. एक मत, आणि दुसऱ्याचेही मत. अरब जगात तोपर्यंत दूरचित्रवाणी म्हणजे राजाने कुणाला भेट दिली याची रोजची जंत्री. अल जझीराने सरकारविरोधकांना समोर बसवले. इस्रायली अधिकाऱ्यांना थेट बोलू दिले. अरब घराघरात इस्रायली माणूस बोलताना दिसला तो या पडद्यावर. त्यासाठी तिला ‘यहुद्यांची दलाल’ म्हणणारेही अरबच होते. बहारीनने २००२ मध्ये तिच्या बातमीदारांवर बंदी घातली, जॉर्डनने त्याच वर्षी कार्यालय बंद केले, इराकच्या हंगामी सरकारने ऑगस्ट २००४ मध्ये, मोरोक्कोने २०१० मध्ये. ‘अतिरेक्यांचे चॅनेल’ म्हणणाऱ्या माझ्या शिक्षक मित्रांनी ही यादी पाहावी. अतिरेक्यांच्या चॅनेलवर एवढे मुस्लिम राज्यकर्ते का बरे चिडावेत? लादेनच्या फिती तिने दाखवल्या हे खरे. जगभरच्या वाहिन्यांनी त्या तिच्याकडून घेऊन दाखवल्या, हेही तितकेच खरे.

खनफर खुर्चीवर बसले तेव्हा त्या खुर्चीभोवती रक्त होते. नोव्हेंबर २००१ मध्ये काबूलच्या कार्यालयावर अमेरिकी बॉम्ब पडला. ८ एप्रिल २००३ रोजी बगदादच्या कार्यालयावर अमेरिकी क्षेपणास्त्र पडून बातमीदार तारिक अय्यूब मारले गेले. कार्यालयाचा नेमका ठावठिकाणा वाहिनीने अमेरिकी लष्कराला आधीच कळवून ठेवला होता. छायाचित्रकार सामी अल-हाज यांना डिसेंबर २००१ मध्ये पाकिस्तानच्या सरहद्दीवर पकडले आणि ग्वांटानामोत डांबले. खटला नाही, आरोपपत्र नाही. मे २००८ मध्ये सुटका झाली. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘डेली मिरर’ या ब्रिटिश दैनिकाने बातमी दिली की बुश यांनी ब्लेअर यांच्याशी बोलताना अल जझीरावर बॉम्ब टाकण्याची भाषा केली होती. तेव्हा खनफर थेट लंडनला गेले आणि खुलासा मागू लागले. ब्रिटिश वृत्तपत्रात लेख लिहून त्यांनी विचारले, आम्हाला का मारायचे होते?

अशा वेळी दुसऱ्या कुणी काय केले असते? आपल्याकडचा कुणी असता तर काय केले असते, हे मला चांगले ठाऊक आहे. ‘आमच्यावर अन्याय होतो’ या एका वाक्यावर त्याने दहा वर्षे वाहिनी चालवली असती. खनफर यांच्या कारकिर्दीत जुलै २००४ मध्ये वाहिनीने आचारसंहिता जाहीर केली. बातमी, विश्लेषण आणि मत यांत फरक ठेवायचा. चूक झाली तर कबूल करायची, लगेच दुरुस्त करायची आणि पुन्हा होऊ द्यायची नाही. बॉम्ब पडत असताना स्वतःच्या चुकांची वही उघडायची! मार खाणाऱ्याने स्वतःला प्रश्न विचारू नयेत, असे मानणाऱ्या आपल्या समाजाला हे पचायला जड आहे. मार खाणे हा सत्याचा पुरावा नव्हे. सत्य तपासूनच घ्यावे लागते, मार खाणाऱ्यालाही.

१५ नोव्हेंबर २००६ रोजी इंग्रजी वाहिनी सुरू झाली. तिचे मोल २७ डिसेंबर २००८ ला कळले. गाझावर हल्ला सुरू झाला आणि इस्रायलने परदेशी पत्रकारांना आत जाऊ दिले नाही. मोठमोठ्या वाहिन्यांचे बातमीदार सीमेबाहेरच्या टेकडीवर उभे राहून धूर दाखवत होते. अल जझीराच्या इंग्रजी वाहिनीचे आयमन मोहिदीन आणि शेरीन तद्रोस आत होते. अरबी वाहिनीचे तर पूर्ण पथक आत होते. हे योगायोगाने झालेले नाही. युद्ध नसतानाही तिथे माणसे ठेवायची, त्यांचे पगार द्यायचे, रोज बातमी नसली तरी ठेवायचीच, हा कार्यालयातला निर्णय असतो. व्यवस्थापक नावाचा माणूस इथे कामाला येतो. आणि जानेवारी २००९ मध्ये वाहिनीने गाझाची चित्रे जगाला विनामूल्य वापरायला खुली केली. केवळ श्रेय द्या, म्हटले. प्रतिस्पर्धी वाहिन्यांनाही ती मुभा होती.

हा झाला उजेडाचा भाग. आता माझ्या मुद्द्यावर येते.

जानेवारी २०११ मध्ये अल जझीराने पॅलेस्टिनी वाटाघाटींची गुप्त कागदपत्रे प्रसिद्ध केली. जवळजवळ सतराशे कागद. ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकालाही ती दिली. त्यांतून काय बाहेर आले? २००८ मध्ये पॅलेस्टिनी वाटाघाटी करणाऱ्यांनी पूर्व जेरुसलेममधल्या जवळपास सर्व इस्रायली वसाहती सोडून द्यायची तयारी दाखवली होती आणि जनतेला त्याचा पत्ता नव्हता. रामल्लामध्ये गहजब झाला. अल जझीराच्या तिथल्या कार्यालयावर जमाव चालून गेला. ‘शत्रूच्या हातात कोलीत दिले’, ‘कौमची बदनामी केली’, असे आरोप झाले. मुख्य वाटाघाटीकार साएब एरेकात यांना पुढच्या महिन्यात पद सोडावे लागले. ही कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या जाळ्याचा प्रमुख स्वतः पॅलेस्टिनी होता. जेनिनचा होता. त्याचे राजकीय हेतू होते, हमासला फायदा व्हावा म्हणून हे केले, असे त्याचे विरोधक म्हणतात. म्हणोत. कागद खोटे होते काय? जनतेच्या जमिनीचा सौदा जनतेला कळायला नको होता काय?

‘कौमची बदनामी.’ हे शब्द वाचले की मला माझी एक गोष्ट आठवते. बी.एड. झाल्यावर एका संस्थेत मी मुलाखतीला गेले. संस्था आपलीच, अल्पसंख्याक दर्जाची. कागदपत्रे पाहून झाली, पाठ घेऊन झाला. मग एका सद्गृहस्थांनी चहा पाजून ‘डोनेशन’चा आकडा सांगितला. तो लाखांत होता. वैयक्तिक मान्यतेचे वेगळे. मी ती नोकरी सोडली आणि घरी येऊन एक पत्र लिहिले, एका उर्दू साप्ताहिकाला. कुणाचे नाव घेतले नव्हते. केवळ एवढेच विचारले होते की गरीब घरातली मुलगी शिकून शिक्षिका व्हायला निघाली तर तिने लाखो रुपये आणायचे कुठून? संपादकांनी फोन केला. फार प्रेमाने बोलले. ‘‘बेटी, बात तुम्हारी सच है. मगर छापेंगे तो कौम की बदनामी होगी.’’ त्यांच्या शेवटच्या पानावर अशाच संस्थांच्या प्रवेशाच्या जाहिराती असत, हे मी त्यांना सांगितले नाही. त्याच अंकात पहिल्या पानावर गाझातल्या शाळेवर पडलेल्या बॉम्बची बातमी होती, मोठ्या टाइपात.

गाझातल्या मुलींच्या शाळेसाठी रडणारे आणि आपल्या मुलींच्या शाळेतला भ्रष्टाचार झाकणारे साप्ताहिक ‘आपले’ कसे? मालक मुसलमान, संपादक मुसलमान, लिपी उर्दू. तरीही माझ्यासाठी ते परकेच ठरले. मराठी वृत्तपत्रे आपल्याकडे पाहत नाहीत, ही तक्रार मीही करते आणि ती खरी आहे. एका वृत्तपत्रात ‘ठार’ आणि दुसऱ्यात ‘शहीद’, एवढ्यावरून मला दोन्हींचे मालक ओळखता येतात. माणूस कसा मेला, कुठे मेला, कुणाच्या गोळीने मेला, हे दोन्हीकडे शोधावे लागते. आम्हाला आमचे माध्यम पाहिजे असे सभेत म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना मी विचारते, ‘आमचे’ म्हणजे नेमके कसले? आमची स्तुती करणारे, की आमचे खरे सांगणारे?

याच कसोटीवर आता खनफर यांनाही घासून पाहिले पाहिजे. नाहीतर मीही त्या संपादकांसारखीच ठरेन.

त्यांच्या काळात वाहिनी इस्लामी राजकीय पक्षांकडे झुकली, असा आरोप बाहेरच्यांनी केला, तसा आतल्यांनीही केला. वॉशिंग्टन कार्यालयाचे माजी प्रमुख हाफिज अल-मिराझी यांनी २००७ मध्ये तो उघडपणे केला. मे २०१० मध्ये पाच महिला निवेदकांनी राजीनामे दिले. त्यांच्या पेहरावावरून वरिष्ठांकडून होणारी शेरेबाजी हे त्यामागे मोठे कारण होते. जगभरच्या जुलमी राजांना प्रश्न विचारणाऱ्या कार्यालयात बाईच्या बाहीची लांबी मोजली जात असेल, तर त्याची जबाबदारी वरच्या खुर्चीवर येतेच. शिक्षिका म्हणून नोकरी करणाऱ्या आम्हा बायकांना ही मोजणी परिचित आहे. म्हणून मी ती गिळून टाकणार नाही.

मग अरब उठाव. २०११ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इजिप्तमध्ये अल जझीराने जे केले ते इतिहासात राहील. ३० जानेवारीला सरकारने कैरोचे कार्यालय बंद केले, उपग्रहावरून प्रक्षेपण तोडले. तेव्हा दुसऱ्या अरब वाहिन्यांनी आपल्या पडद्यावर तिचे चित्र चालवले. तहरीर चौकातल्या तरुणांनी रात्री फोन करून विनवले की कॅमेरे बंद करू नका, बंद केलेत तर अंधारात आमची कत्तल होईल, असे खनफर यांनी मार्च २०११ मधल्या एका भाषणात सांगितले. ११ फेब्रुवारीला मुबारक गेले. काडेपेटीने वाडा पेटवला!

पण काडेपेटी खिशात कुणाच्या होती? त्याच फेब्रुवारीत बहारीनमध्येही लोक रस्त्यावर आले. मनामाच्या पर्ल चौकातही तंबू होते, तिथेही गोळ्या चालल्या. मार्चमध्ये सौदी अरेबिया आणि शेजारी देशांच्या फौजा बहारीनच्या राजाच्या मदतीला आल्या. कतारही त्या गटातला. आणि अल जझीराची अरबी वाहिनी, जी तहरीरमध्ये रात्रंदिवस जागत होती, ती इथे डुलक्या घेऊ लागली. इंग्रजी वाहिनीने ऑगस्टमध्ये बहारीनवर एक धाडसी माहितीपट दाखवला, त्याला पुढे पुरस्कारही मिळाले. अरबी वाहिनीने तो दाखवला नाही. अरबांची गोष्ट अरबांनाच अरबीत सांगायची नाही! बहारीनचे आंदोलक बहुतेक शिया होते म्हणून आपल्यातल्याही कित्येकांना त्यांचे काही वाटले नाही, हे इथेच नोंदवून ठेवते. आपली ‘उम्मत’ही कधी कधी फार लहान होते.

सप्टेंबर २०११ मध्ये विकिलीक्सने उघड केलेल्या अमेरिकी दूतावासाच्या तारा चर्चेत आल्या. ऑक्टोबर २००५ च्या एका तारेनुसार, अमेरिकी लष्करी गुप्तचर खाते वाहिनीच्या मजकुराविषयीच्या तक्रारी कतारच्या परराष्ट्र खात्यामार्फत खनफर यांच्याकडे पाठवीत असे आणि त्यांनी संकेतस्थळावरच्या एका मजकुरातली जखमींची चित्रे काढून टाकल्याचे दूतावासाच्या अधिकाऱ्याला सांगितले होते. २० सप्टेंबरला खनफर यांनी पद सोडले. तारांचा याच्याशी संबंध नाही, आठ वर्षे झाली, आता नवे नेतृत्व यावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या जागी आले शेख अहमद बिन जासिम अल थानी. राजघराण्यातले, वायू कंपनीतून आलेले. पत्रकाराची खुर्ची गॅसच्या अधिकाऱ्याला मिळाली. जझीरा कुणाचा, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर त्या दिवशी मिळाले.

ज्यांच्यावर अमेरिकेने बॉम्ब टाकले, त्याच वाहिनीचा प्रमुख अमेरिकी दूतावासाच्या अधिकाऱ्याशी चित्रे काढण्याबद्दल बोलतो. हा दुटप्पीपणा आहे का? आहे. पण तो एका माणसाच्या स्वभावातला आहे असे समजून आपण सुटलो तर काहीच शिकलो नाही. ज्या देशाच्या पैशावर वाहिनी चालते त्याच देशात अमेरिकेचा मोठा लष्करी तळ आहे. अमीराला दोन्ही हवे होते, अमेरिकेचे संरक्षण आणि अरब जनतेचे प्रेम. खनफर त्या दोन दगडांवर पाय ठेवून आठ वर्षे उभे राहिले. त्यांनी मोकळी केलेली जागा अमीराने दिलेल्या दोरीएवढी होती. ती दोरी कैरोपर्यंत पोहोचत होती, मनामापर्यंत पोहोचत नव्हती. पैसा एका हातातून आला की दोरीही त्याच हातात राहते. मग तो हात नमाजी असो की बेनमाजी.

पुढे खनफर यांनी अल-शर्क फोरम नावाची विचारसंस्था काढली, इस्तंबूलला बस्तान हलवले. २०१५ मध्ये एका अमेरिकी माध्यमसमूहाच्या भागीदारीत अरबी संकेतस्थळ चालवले. तिकडून करार संपला आणि २०१८ मध्ये तेही बंद झाले. पुन्हा तेच. आवाज यांचा, चावी दुसऱ्याची.

मग उरले कोण? खनफर १९९७ मध्ये वाहिनीत आले. त्याच वर्षी जेरुसलेमची एक तरुणीही आली होती. शिरीन अबू अक्ले. ती कधी महासंचालक झाली नाही. पंचवीस वर्षे रस्त्यावर उभी राहून बातमी देत राहिली. ११ मे २०२२ रोजी जेनिनमध्ये, म्हणजे खनफर यांच्याच मुलखात, इस्रायली सैनिकाच्या गोळीने ती मारली गेली. अंगावर ‘प्रेस’ लिहिलेले जाकीट होते. दोन दिवसांनी तिच्या जनाज्याला खांदा देणाऱ्यांवरही पोलिसांनी लाठ्या चालवल्या, जगाने ते पाहिले. शिरीन ख्रिश्चन होती. तिच्यासाठी मुसलमान आणि ख्रिश्चन एकत्र चालले. ‘अपना चॅनल’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? मी वर्गात सांगितले तेव्हा मुलींना आश्चर्य वाटले. त्यांच्यासाठी फलस्तीनी म्हणजे मुसलमानच.

त्यानंतरची यादी फार वाढली. गाझाचे वाइल दहदूह यांची पत्नी, मुले, नातू ऑक्टोबर २०२३ मध्ये बॉम्बहल्ल्यात गेले आणि ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा पत्रकार मुलगा हमझाही गेला. १० ऑगस्ट २०२५ रोजी अल-शिफा रुग्णालयाबाहेरच्या तंबूत अनस अल-शरीफ सहकाऱ्यांसह मारला गेला. वय अठ्ठावीस. इस्रायलने त्याला हमासचा माणूस ठरवले. मे २०२४ मध्ये इस्रायलने आपल्या हद्दीत अल जझीरा बंद केली, सप्टेंबरात रामल्लाच्या कार्यालयाला टाळे लावले. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच रामल्लात पॅलेस्टिनी प्राधिकरणानेही तिच्या कामावर काही महिन्यांची बंदी घातली. कब्जा करणारा आणि कब्जाखालचा राज्यकर्ता, दोघांचे एका गोष्टीवर एकमत! बातमीदार दोघांनाही नको.

म्हणून माझे उत्तर असे आहे. जझीरा अमीराचा आहे, कारण टाळ्याची किल्ली त्याच्याकडे आहे. जझीरा शिरीनचा आहे, अनसचा आहे, कारण त्यांनी त्याचे मोल चुकवले आहे. फुकटची चित्रफीत पुढे ढकलणाऱ्या आपला तो नाही. आपण त्याला काय दिले? पैसा नाही, माणूस नाही, भाषा शिकण्याचे कष्टही नाहीत. खनफर यांच्या आयुष्यातून घ्यायचेच तर दोन गोष्टी घ्याव्यात. अभियांत्रिकी सोडून बातमीकडे वळणाऱ्या मुलाला घरातून हाकलू नका. आणि त्याने तुमच्याच संस्थेची बातमी आणली तर ‘बदनामी’ म्हणून फाडू नका. त्याला एका धनवानाच्या दोरीला बांधू नका, हजार सामान्य माणसांनी वर्गणी द्या. अमीराची चूक आपल्या गल्लीतल्या छोट्या अमीरांनी करू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

मी माझ्यापुरते सुरू केले आहे. नववीच्या मुलींकडून मराठीत भित्तिपत्रक काढून घेते. फळ्यावर दोन रकाने आखते. एकात काय घडले, दुसऱ्यात मला काय वाटते. ज्या मुलीचे ‘वाटते’ पहिल्या रकान्यात शिरते, तिला मी परत पाठवते. गेल्या खेपेस बहुतेकींनी गाझावर लिहून आणले. एकीने आणले ते असे : मुलींच्या स्वच्छतागृहात अकरा दिवस पाणी नाही. तारखा लिहिल्या होत्या. शिपाईमामांना विचारून टाकी का भरली नाही तेही लिहिले होते. एक ज्येष्ठ सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘बाजी, ये मत लगाओ. इन्स्पेक्शन आनेवाला है, स्कूल की बदनामी होगी.’’

मी ते लावले, गाझाच्या बातमीशेजारी. अजून कुणी काढलेले नाही. पाणी मात्र चौदाव्या दिवशी आले.